'रिम्माची टोपी' नावाचा टोमॅटो

रिम्मा प्रोकोप्येव्नाला वाऱ्याचे भय नव्हते. कामा नदीवरून येणारा बोचरा वारा ती अंगणात उभी राहून, बटाट्याच्या ओळी खुरपता खुरपता, बिनतक्रार सोसायची. तिचे वैर होते ते आरपारच्या वाऱ्याशी. एका दारातून शिरायचे आणि समोरच्या दारातून निघून जायचे, एवढाच ज्याचा धंदा, त्या बारीक, चोरट्या झोताशी. मान आखडते ती त्याच्यामुळे. कानात ठणका लागतो तो त्याच्यामुळे. कंबर, दात, पाठीमागची दोन्ही मूत्रपिंडे, सगळे तोच खातो. बालवाडीत एकतीस वर्षे आयाचे काम करताना तिने निदान हजार पोरांचे कान त्याच्यापासून वाचवले होते, आणि अजून रस्त्यात कुणी टक्कल पडलेला बाप्या 'रिम्माबाई' म्हणून हाक मारी तेव्हा तिची नजर आधी त्याच्या कानांकडे जायची.

स्वतः ती जुलैतही विणलेली टोपी घाली. राखाडी, वर फुगलेली, कपाळापाशी चुण्या पडलेली.

तिचा नवरा गेर्मान लाकूड गिरणीत यंत्रे दुरुस्त करायचा. भांडण त्याच्या स्वभावातच नव्हते. तिने खिडकी लावली की तो "बरं" म्हणायचा आणि सदऱ्याचे वरचे बटण काढायचा. बालवाडीच्या जुन्या खिडक्या काढून नव्या बसवल्या त्या वर्षी त्याने त्या सगळ्या जुन्या चौकटी गाडीत घालून शहराबाहेरच्या बागवसाहतीत आणल्या आणि उन्हाळी घराच्या अंगणात त्यांचे काचघर उभे केले. दोन्ही टोकांना एकेक दार ठेवले. रिम्मा एकतीस वर्षे ज्या खिडक्या घट्ट लावत आली, त्याच आता टोमॅटोभोवती उभ्या होत्या.

"समोरासमोर दोन दारं कशाला?" तिने तेव्हाच विचारले होते.

"ढकलगाडी फिरवायला जागा नाही गं. एका दारानं आत, दुसऱ्यानं बाहेर."

"पण एका वेळी एकच उघडायचं."

"बरं," गेर्मान म्हणाला होता.

त्या काचघरात त्याने चौदा वर्षे एक टोमॅटो घडवला. त्यांच्याकडे जूनच्या दहा तारखेपर्यंत हिव पडते आणि सप्टेंबर उजाडला की पुन्हा पडू लागते; मधल्या तेवढ्या फटीत टोमॅटोने फुलायचे, धरायचे, पिकायचे. म्हणून गेर्मान दरवर्षी सर्वांत आधी पिकणारे रोप हेरायचा, त्यावर लाल दोरा बांधायचा आणि त्याच्याच फळाचे बी धरायचा. हळूहळू एक फळ नक्की झाले. वर फुगीर, देठापाशी चुण्या पडलेले, हातात घेतले तर जड. त्याने कागदाच्या पुडीवर सुतारी पेन्सिलीने नाव लिहिले: रिम्माची टोपी.

"लाज नाही वाटत?" रिम्मा म्हणाली, पण ती पुडी तिने उचलून आपल्या शिवणाच्या डब्यात ठेवली.

शेजारच्या फाईनाने ते बी कितीदा मागितले. गेर्मान म्हणायचा, "अजून पक्कं नाही झालं. एका रोपाला टोपी येते, दुसऱ्याला नुसतं डोकं. पक्कं झालं की देतो." आणि मागच्या पावसाळी शरदात चिमूटभरच बी हाती लागले, तेही त्याने फेब्रुवारीअखेर सगळेच्या सगळे पेरले. सोळा रोपे आली. एप्रिलच्या सुरुवातीला, रोपे खिडकीत बोटभर उंच असताना, गेर्मान न्हाणीघराच्या उंबऱ्यावर कोसळला.

उजवे अंग गेले. वाचाही गेली, एक शब्द सोडून.

"कधीकधी एखादा शब्द मागे राहतो," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "कोणता राहील ते आपल्या हातात नसतं. रागावू नका त्यांच्यावर. ते पाण्यालाही तेच म्हणतील आणि चहालाही."

गेर्मानपाशी राहिलेला शब्द होता 'दार'.

मे महिन्यात रिम्माने त्याला आणि सोळा रोपांना एकाच भाड्याच्या गाडीतून उन्हाळी घरी आणले. मुलगी इंगा फोनवर ओरडली. "आई, वेड लागलंय का तुला? तिकडे डॉक्टर नाही, धड रस्ता नाही!"

"रोपं इथे खिडकीत मरतील."

"रोपं? तू रोपांसाठी बाबांना घेऊन चाललीस?"

रिम्माने फोन ठेवला. डब्यात बी उरलेले नाही, ही रोपे गेली तर चौदा वर्षे गेली, हे इंगाला फोनवर सांगायचे तर आधी खूप काही सांगावे लागले असते. आणि गेर्मान? वळणावर काचघराचे छप्पर दिसले तेव्हा त्याने डावा हात उचलला.

त्याची खाट तिने मोठ्या खोलीत ठेवली. समोर खोलीचे दार, त्यापलीकडे व्हरांडा, व्हरांड्यापलीकडे काचघर. सगळे एका रेषेत. पहाटे तिला जाग यायची ती गेर्मानच्या आवाजाने. डावा हात समोर करून तो म्हणायचा, "दार."

रिम्मा उठायची आणि दार लावायची.

"दार," तो पुन्हा म्हणायचा.

"लावलंय रे. बघ, कडी पण घातली." मग ती खालच्या फटीत घोंगडी खोचायची. तरी तो म्हणतच राहायचा, आवाज चढायचा, आणि शेवटी भिंतीकडे तोंड फिरवून रडायचा. कारण नसताना रडतात असे लोक, हेही डॉक्टरीणबाईंनी सांगून ठेवले होते. रिम्मा त्याचे डोळे पुसायची, रव्याची लापशी भरवायची आणि मग काचघरात जायची. तिथेही तिने मागचे दार कायमचे बंद करून जुनी गोधडी ठोकली होती. माणूस आजारी असताना निदान झाडे तरी जपावीत. पुढचे दार ती उन्हाच्या वेळी हातभर उघडायची, बारा ते तीन. सकाळी काचांवरून पाणी ओघळत असायचे. आत उबदार, ओले, बालवाडीच्या दुपारच्या झोपेच्या खोलीसारखे वाटायचे. तिला ते आवडायचे.

जुलैअखेर प्रत्येक रोपावर पाच-सहा टोप्या लोंबू लागल्या. हिरव्या, चुणीदार. तिने एक न तोडता नुसती हातावर तोलली आणि घरात येऊन सांगितले, "धरल्या बरं का. सगळ्यांना टोप्याच आल्यात, एकालाही नुसतं डोकं नाही. पक्कं झालं तुझं."

गेर्मानच्या तोंडाची डावी बाजू हसली. मग तो म्हणाला, "दार."

ऑगस्टच्या सुरुवातीचा संत इल्याचा सण झाला, त्यानंतर रिवाजाप्रमाणे नदीत उतरणे थांबले आणि धुके आले. दहा दिवस धुके आणि बारीक पाऊस. अकराव्या दिवशी रिम्माला खालच्या एका पानाच्या कडेला तपकिरी डाग दिसला, जणू कुणी चहात बुडवून काढलेले बोट टेकवले होते. पान उलटून पाहिले. खाली पांढरी लव.

तिने ते पान तोडले आणि चुलीत टाकले. दुसऱ्या दिवशी सात पाने होती.

फाईना कुंपणावरून डोकावली. नातवंडे सांभाळायला ती जुलैभर शहरात होती. आल्या आल्या तिचे आपल्या कोंबड्यांवर ओरडून झाले होते आणि आता रिम्माची पाळी होती.

"करपा आलाय गं तुझ्याकडे. माझ्या बटाट्यावर पण आलाय. मी पाला कापला, जाळला, वर मातीची भर दिली. तू काय करतेयस?"

"नासलेल्या दुधाची निवळ फवारली. आयोडीन घालून."

"म्हणजे नाश्ता दिलास त्याला."

"लसणाचं पाणीही मारलं."

"वा, वर फोडणी." फाईना कुंपणाची फळी सरकवून आत आली. काचघराच्या दारात तिने श्वास घेतला आणि मागे सरली. "रिम्मा! ही काय वाफेची न्हाणी तापवलीयस? काचा बघ, घाम सुटलाय. उघड ही दारं. दोन्ही उघड."

"दोन्ही? म्हणजे आरपार वारा."

"मग? झाडांना काय कान असतात?"

"थंडी बघितलीस का सकाळची? सहा अंश. आधीच आजारी झाडं आणि त्यांना वाऱ्यात उभं करू?"

 फाईनाने एकदा घराकडे, व्हरांड्याकडे पाहिले. "सकाळी तरी उघड," ती म्हणाली, पण आता वेगळ्याच, हळू आवाजात. "पाचला वगैरे. तासभर. ऐक माझं."

"पाच वाजता मी त्याला पुसून घेत असते, फाया. दारं उघडायला कुठे जाऊ?"

त्यात खोटे काही नव्हते. तरी ती गेल्यावर रिम्माने पुढचे दार ओढून घेतले आणि वर जुना कोट टांगला.

मग तिने जे जे माहीत होते ते सगळे केले. गुडघ्यापर्यंतची पाने खुडली, दर झाडामागे कात्री उकळत्या पाण्यात बुडवून. पाणी फक्त बुंध्याशी, तेही कोमट, तेही सकाळी. जमिनीवर राख. कुणीतरी सांगितले म्हणून तांब्याच्या तारेचा तुकडा खोडातून आरपार खुपसला. सोळा खोडे, सोळा तुकडे, तार गेर्मानच्या हत्यारपेटीतली. त्याला विचारायला ती तार हातात घेऊन खाटेपाशी गेली होती. "ही चालेल?" तो तारेकडे पाहत राहिला, मग दाराकडे. "दार." शेवटी तिने मोरचूद आणि चुन्याचे निळे पाणी केले, खिळा बुडवून पाहिला, तांबडा झाला नाही म्हणजे बेत जमला होता, आणि झाडे वरपासून खालपर्यंत निळी केली. पण ते पाणी रोग येण्याआधी मारायचे असते. आलेल्याला ते बाहेर काढत नाही. रिम्माला हे ठाऊक होते. तरी फवारा हातात होता तोवर बरे वाटत होते.

काचघरात आता वेगळाच वास होता. गोडसर, कुजट, ओल्या कागदासारखा.

खोडांवर काळे पट्टे चढले. मग फळांवर. करप्याचा डाग सालीवर नसतो, सालीखाली असतो. टोपी बाहेरून चकचकीत हिरवी आणि आत गंजल्यासारखी. गेर्मानने लाल दोरा बांधला असता ते रोप कोणते, हे तिला कधीच कळले नाही. तिने तिसऱ्या रोपाला दोरा बांधला होता, तेच आधी गेले.

एकवीस ऑगस्टला तिने हार मानली. फाईना मदतीला आली. दोघींनी डाग नसलेली फळे वेगळी काढली, ती पस्तीस निघाली. झाडे बाकीच्या फळांसह मुळासकट उपटून कुंपणाबाहेर पेटवली. ओली होती, जळेनात, नुसता पिवळा धूर. मग रिम्माने मोठ्या पातेल्यात पाणी तापवले, हाताला सोसवणार नाही इतके, आणि एकेक फळ झाऱ्याने मिनिटभर त्यात धरले. फाईना पुसत होती, वर्तमानपत्रात गुंडाळत होती. अशी फळे अंधारात, उबेत ठेवली की पिकतात, नाहीतर काळी पडतात. ठेवायची कुठे, हे त्यांच्याकडे कुणाला विचारावे लागत नाही. रिम्माने माळ्यावरून नमद्याचे, दाबलेल्या जाड लोकरीचे, चार बूट काढले, दोन तिचे, दोन गेर्मानचे, हिवाळ्यात गुडघ्यापर्यंत येणारे. तिच्या बुटांत सात-सात मावली, त्याच्या बुटांत दहा-दहा.

"त्याला लागायचे नाहीत आता हे," ती गेर्मानचा बूट मांडीवर घेऊन म्हणाली. ती काही ठरवून बोलली नव्हती.

"काहीही काय बोलतेस," फाईना म्हणाली. मग बराच वेळ ती एकाच फळाला पुसत राहिली. "तो असता ना बाहेर, तर हे झालं नसतं."

"मी काय कमी केलं?"

"तसं नाही गं." फाईनाने फळ खाली ठेवले. "पाच वाजता उठायचा तो. मी कोंबड्या सोडायला उठायची तेव्हा रोज दिसायचा. दोन्ही दारं सताड उघडायचा, मध्ये स्टूल टाकून बसायचा, विडी ओढायचा. काचा कोरड्या झाल्या, साडेसहा वाजले, की दोन्ही लावायचा आणि तुला चहाला उठवायचा."

रिम्माच्या हातातला झारा पातेल्यात तसाच राहिला.

"रोज?"

"चौदा वर्षं. मला म्हणाला होता, फाया, रिम्माला बोलू नकोस. ती टोमॅटोंना मफलर बांधेल."

"आणि तू बोलली नाहीस."

"शब्द दिला होता. मी तुला म्हटलं ना, उघड म्हणून. पाचला उघड म्हणून सांगितलं."

"म्हटलंस. का, ते नाही सांगितलंस."

"कसं सांगू? तो तिकडे असा पडलेला. इतकी वर्षं तुला फसवत होता, हे मी येऊन सांगू? मला वाटलं..." फाईनाने आणखी एक फळ वर्तमानपत्रात गुंडाळले.  "मला वाटलं, तुला त्यानंच कसंतरी कळवलं असेल."

पाण्याला उकळी फुटली. त्यातले फळ फाटले आणि त्याचा हिरवा गर वर तरंगू लागला.

रिम्मा ओल्या हातांनीच खोलीत गेली. गेर्मान जागा होता. ती खाटेच्या कडेवर बसली, त्याचा डावा हात धरला.

"गेरा, मागचं दार उघड, असं म्हणत होतास? काचघराचं?"

त्याने तिच्याकडे पाहिले. त्याचे डोळे गढूळ आणि शांत होते.

"मे महिन्यापासून? तेच सांगत होतास ना?"

"दार," गेर्मान म्हणाला.

रोज म्हणायचा तसेच. त्याच सुरात त्याने सकाळी पाणी मागितले होते, काल उशी. त्यात होकार होता की नकार, राग होता की माफी, हे चाचपून पाहावे इतकीही जागा त्या शब्दात नव्हती. तिने आणखी दोनदा विचारले. दोनदा तेच उत्तर आले. तिसऱ्यांदा विचारले तेव्हा तो झोपी गेला होता.

रोज सकाळी ती बुटांत हात घालायची. कागद आतून ओला लागला की कळायचे. पहिल्या आठवड्यात एकोणीस गेली. दुसऱ्यात चौदा. सप्टेंबरच्या चौथ्या दिवशी पहिले हिव पडले, इंगाने गाडी ठरवली, आणि गेर्मानच्या डाव्या बुटात एकच टोपी उरली. गुलाबी झाली होती, लाल नव्हे. देठाजवळ चण्याएवढा तपकिरी डाग. आणखी चार दिवस मिळाले असते तर ती पिकली असती, किंवा संपली असती.

रिम्माने ती कापली. बी होते, मोजून सव्वीस. फिकट, बुळबुळीत, काही इतके मऊ की नखाखाली दबले. फाईना वाकून बघत म्हणाली, "मार्चमध्ये पेरल्याशिवाय काही सांगता यायचं नाही."

"हो."

"यातलं मला नको, बरं का. तुझ्याकडेच राहू दे." हे तिचे क्षमा मागणे होते, आणि रिम्माने मान हलवली.

तिने बी कागदावर पसरले, सुतारी पेन्सिलीने कडेला नाव लिहिले, वर्ष लिहिले आणि कागद गेर्मानच्या खाटेशेजारच्या टेबलावर सुकायला ठेवला. फळाची डाग नसलेली बाजू मीठ लावून चमच्याने त्याच्या ओठांशी नेली. त्याने ती बराच वेळ तोंडात धरली, गिळली. आंबट असणार. चेहऱ्याची एक बाजू आखडली, दुसरी तशीच राहिली.

"दार," तो म्हणाला.

रिम्मा उठली. फटीतली घोंगडी तिने पायाने सरकवली, कडी काढली, दार उघडले. मग व्हरांड्याचे दारही उघडले. समोर रिकाम्या काचघराची दोन्ही दारे, गोधडी आणि कोट काढून टाकलेली, आधीच उघडी होती, आणि त्यांच्यामधून पलीकडच्या बटाट्याच्या काळ्या सऱ्या दिसत होत्या. वारा सरळ आत आला. टेबलावरचा कागद उचलला गेला. तिने धावत येऊन त्याच्यावर गेर्मानचा चष्मा ठेवला.

"दार," गेर्मान म्हणाला.

ती थबकली. त्याच्या हातावर काटा उभा राहिला होता. तिने आपली टोपी काढून त्याच्या डोक्यावर घातली, कानांवर नीट ओढली, आणि दारापाशी गेली. एक हात कडीवर ठेवून ती त्याच्याकडे बघत राहिली, तो आणखी एकदा म्हणतो का, याची वाट पाहत.